वरचं मी, खालचं तुम्ही

भाई,

पेडणेकर मास्तर म्हणाले, "नामदेव, वाचनालयाच्या हस्तलिखितात वामनभाईंवर तू लिही." मी म्हटलं, मास्तर, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच लिहा. माझी शाळा सातवीला सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तर त्याच्याही आधी सुटलं होतं. ते म्हणाले, "ते मी बघतो. तू फक्त भाईंशी नेहमी बोलायचास तसा बोल."

आता नेहमी मी कुठे बोलायचो? बोलायचात तुम्ही. मी खिळे ठोकायचो. तुम्ही दम घ्यायला थांबलात की मी "होय भाई" म्हणायचो, आणि ते "होय" तुम्हाला आवडायचं नाही. "बार्शीकर," म्हणायचात, "तू मान हलवतोस तेव्हा तुझं मत कुठल्या खिशात असतं?"

तर आज तुमचं काही चालणार नाही. आज मी बोलतो.

तुमचा जन्म कुठला, बोटीवर वायरलेसच्या नोकरीत किती देश पाहिलेत, हे सगळं मास्तर वेगळं लिहिणार आहेत. ते मला नीट माहीतही नाही. मला माहीत आहे ती तुमची बेलापूरची ओटी, तिच्यावर आडवं बांधलेलं जुनं धोतर, आणि धोतरामागे मांडलेले आपले खोके.

तुमची माझी ओळख एका फुटक्या फळीवरून झाली. मी तेव्हा ठाण्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो, माल भरायच्या पेट्या ठोकायला. गावाकडे आई, बायको आणि दोन लेकरं. इथे बेलापुरात एक खोली, तिला कौलं होती पण खिडकी नव्हती. रविवारी करमायचं नाही म्हणून मी कारखान्यातनं टाकून दिलेल्या फळ्या आणून अंगणात काहीबाही ठोकत बसायचो. तुम्ही रस्त्याने चालला होता. थांबलात. म्हणालात, "ती तिसरी फळी काढ, ती आतून तडकली आहे."

मी फळी उलटी-सुलटी करून पाहिली. तड दिसेना. तुम्ही म्हणालात, "डोळ्यांनी काय बघतोस? हातोडी मार आणि ऐक." मी बाकीच्या फळ्यांवर मारली, मग तिच्यावर मारली. तिचा आवाज जरा बसलेला आला. मी ती गुडघ्यावर वाकवली तर मधोमध मोडली.

पुढच्या रविवारी मी तुमच्या ओटीवर होतो. तुम्ही बोलावलंत म्हणून नव्हे. मला वाटलं, ह्या माणसाचे आभार मानले नाहीत तर बरं दिसणार नाही. मला असली काळजी फार. खोलीला कुलूप लावून निघालो की अर्ध्या वाटेवरनं परत जाऊन ओढून बघणारा मी. आणि तिथे, तुमच्या ओटीवर, पहिल्यांदा पाहिलं की माणसं स्पीकरसुद्धा घरी करतात.

हस्तलिखित वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला हवं. भंगारातलं लोहचुंबक आणायचं, त्यात तारेचं वेटोळं बसवायचं, चित्रकलेच्या जाड कागदाचा गोल कोन करायचा, त्याची कड मलमलीने चिकटवायची. मग त्याला लाकडाचा खोका. कोन कागदाचा, पण आवाज निम्मा खोक्याचा. खोक्याच्या आत कापसाचं अस्तर लागतं, नाहीतर आवाज आतल्या आत आपटत राहतो, रिकाम्या घरात बोलल्यासारखा. जनार्दन नाखवा शेजारच्या दिवाळे गावचा. त्याने खोक्याऐवजी मातीचा रांजण वापरला होता. त्याच्या स्पीकरमधनं बातम्या ऐकल्या तरी सुकटीचा वास यायचा. मास्तरांचा स्पीकर शिसवी कपाटातला, त्याला ते हात लावू देत नसत. तुमचा बोटीच्या जुन्या सागाचा. आणि मग माझा, पेटीच्या फळ्यांचा, ज्यावर कारखान्याचं काळं अक्षर अजून उमटलेलं आहे. तुम्ही ते घासू दिलं नाहीत. "असू दे," म्हणालात, "माणसाने आपलं गाव लपवू नये."

बैठक महिन्यातून एकदा, अष्टमीच्या आसपासच्या रविवारी. कारण अष्टमीला भरती-ओहोटीला जोर नसतो, जनार्दनची होडी किनाऱ्याला असते. ट्रकची बॅटरी पनवेलहून भरून एस.टी.च्या टपावरून यायची. कंडक्टर दर वेळी विचारायचा, "हिचं तिकीट?" आणि जनार्दन दर वेळी सांगायचा, "म्हातारी हाय, बसवून घ्या."

नियम दोनच होते. सगळे खोके धोतरामागे, एकामागून एक वाजणार, सगळ्यांवर तीच एक सनईची रेकॉर्ड आणि मग रेडिओवरचं थोडं बोलणं. आणि ज्याचा खोका वाजतोय त्याचं तोंड बंद. बाकीच्यांनी काय वाटेल ते बोलावं, त्याने ऐकून घ्यावं. मला दुसरा नियम सोपा गेला. जनार्दनला जड जायचा. तो टॉवेल तोंडात धरून बसायचा.

आणि शेवटी तुम्ही बोलायचात. तुमचा शब्द पडला की मग कोणी काही म्हणत नसे. तुमचे कान होतेच तसे. बोटीवर वर्षानुवर्षं कानाला पट्टा लावून वादळाच्या खरखरीतून बारीक टिकटिक वेचलेले कान. तुम्ही सांगायचात, "कोन एका बाजूला सैल आहे," आणि उघडून बघावं तर तसंच असायचं.

मग ते "घोंगडी" सुरू झालं.

पहिल्यांदा तुम्ही माझ्याच खोक्याला म्हणालात. "आवाज घोंगडी पांघरून आलाय, नामा. थोडा कापूस काढ." मी काढला. पुढच्या महिन्यात मास्तरांना म्हणालात, "तोंडावरचं कापड फार जाड आहे." त्यांनी मलमल लावली. मग तीही काढायला लावलीत. जनार्दनने कोनाच्या मधोमध कडक कागदाची छोटी टोपी चिकटवली, म्हणजे आवाजाला धार येते. तुम्ही खूश झालात. मग आम्ही सगळ्यांनी टोप्या चिकटवल्या. दर महिन्याला आपले खोके आणखी थोडे मोकळे, आणखी थोडे धारदार. तुम्ही म्हणायचात, "जवळ आलंय. अजून जरा."

आम्हाला वाटायचं, आपण सुधारतोय.

त्या वर्षी दिवाळीला मी माझा खोका गावी नेला. तुम्ही त्याला "सगळ्यात साफ" म्हणाला होता, म्हणून माझी छाती फुगली होती. चावडीवरच्या रेडिओला तो जोडला. लोक जमले. आई पुढे बसली होती, पदर सावरून, लेकाने काय आणलंय ते ऐकायला. सनई सुरू झाली तसा तिने पदर कानावर ओढला. म्हणाली, "आवाज कानात कुसळासारखा जातोय रं." मी म्हटलं, चावडीचा रेडिओ जुना आहे. पाटलांचा गडी म्हणाला, "रेडिओ तर रोज वाजतोय की. रोज कुठं टोचतोय?" मी खोका घोंगड्यात गुंडाळून परत आणला. तुम्हाला सांगितलं, सगळ्यांना आवडला.

आणि मग तो चिमण्यांचा रविवार.

तुम्हाला तो आठवण्याचं कारण नाही. तुमच्यासाठी त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. रेकॉर्ड पुसून परत लावायला मास्तर उठले होते, सगळं शांत होतं. तुम्ही खांबाला टेकून अंगणाकडे बघत म्हणालात, "यंदा चिमण्या आल्याच नाहीत. नामा, तुमच्याकडे येतात का रे अजून?"

तुमच्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर, वळचणीत घरटं होतं. त्यात पिल्लं होती, आणि आई चारा घेऊन आली म्हणून ती सगळी एकदम ओरडत होती.

जनार्दनने तोंडातला टॉवेल काढला. मास्तर रेकॉर्ड हातात धरून तसेच उभे राहिले. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, थट्टा करताय. तुम्ही उत्तराची वाट बघत होता. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि सहज म्हणाल्या, "येतीन, येतीन. चहा घ्या."

कपबशा आत न्यायच्या निमित्ताने त्यांनी मला परसदारी बोलावलं. "भावजी, इकरं या. ह्यांना चिमनी ऐकू येत नाय. गेल्या वरसापासून. चुलीवर किटलीचा झाकन नाचतंय, यो मानूस बाजूला बसलेला, पन उठत नाय."

"भाईंना माहीत आहे?"

"त्यांना वाटतंय किटलीच बिघरली." त्या हसल्या, मग पदराने नाक पुसलं. "आनी तुमचे खोके. आगो बाय, तुमचे खोके तं मावरं इकनाऱ्या बायांसारखे कोकलतान. मना वाटलं, तुमाला तसाच पाहिजे आसंल."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकाला एक लागलं. तुमच्या कानांतून वरचा, बारीक आवाज जात होता, हळूहळू. जसजसा तो गेला तसतसा तुम्हाला प्रत्येक खोका घोंगडीत वाटू लागला. आणि आम्ही शहाणे, ज्यांचे कान धड होते, तुमच्या कानाप्रमाणे कापूस उपसत गेलो. आम्हाला कोणालाच टोचलं नाही असं नाही. टोचलं. पण भाईंना गोड वाटतंय म्हणजे आपलेच कान अडाणी, असं प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवलं.

त्या दिवशी परत जाताना आम्ही तिघं खाडीच्या बांधावर बराच वेळ उभे होतो. मास्तर म्हणाले, "सांगायला हवं." जनार्दन म्हणाला, "सांगा मंग." मास्तर म्हणाले, "मी सांगितलं तर त्यांना वाटेल मास्तर शिकवतोय." जनार्दन म्हणाला, "मी सांगलं तं मना खाडीत टाकतीन." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिठागराकडे.

कोणी सांगितलं नाही. त्याऐवजी आम्ही एक पद्धत काढली. बैठकीला येताना खोक्यातला कापूस काढून पिशवीत भरायचा, आणि घरी गेल्यावर परत घालायचा. तिघांच्या तीन पिशव्या ओटीच्या कोपऱ्यात असायच्या. तुम्ही एकदा विचारलंत, "हे काय, बाजार करून आलात?" जनार्दन म्हणाला, "शेवरीचा कापूस हाय भाई, उशा भरायच्या हायत." आणि बाहेर पडल्यावर म्हणाला, "देवाला निवद येगला न् घरचा जेवान येगला. चालतंय."

चाललं असतंही. पण तुम्ही मेळा काढलात.

पनवेलच्या शाळेच्या हॉलमध्ये, ठाण्याचे, उरणचे, पेणचे जे कोणी घरी स्पीकर करतात त्या सगळ्यांना बोलवायचं. प्रत्येकाने आपला खोका आणायचा, तोच पडदा, तेच नियम. मास्तरांनी हॉल मिळवला, तुम्ही स्वतः पत्रं लिहिलीत. लोक येतो म्हणाले. तुम्ही पोरासारखे झाला होता. सगळ्यात आधी तुमचा सागाचा खोका वाजवायचा असं ठरलं. त्याच्यात तोवर कापसाचा एक धागा उरला नव्हता.

मी डोळ्यांपुढे आणलं: परके लोक, भरलेला हॉल, पडद्यामागे तुमचा खोका किंचाळतोय. लोक हसतायत, कानात बोटं घालतायत. नियमाप्रमाणे तुम्ही तोंड मिटून पहिल्या रांगेत बसलाय, आणि तुम्हाला कळत नाही का हसतायत. कारखान्यात हातोडी अंगठ्यावर बसली.

मेळ्याच्या आधी मी एकटाच तुमच्याकडे आलो. सकाळची वेळ. तुम्ही कोनाला डिंक लावत होता. मी बराच वेळ ह्या फळीबद्दल, त्या खिळ्याबद्दल बोललो. शेवटी तुम्हीच म्हणालात, "नामा, घरी काही झालंय का? पैसे हवेत?"

मी म्हटलं, "भाई, आत्ता काय वाजतंय?"

"काय वाजतंय? काही नाही."

"किटली वाजतेय. आत, चुलीवर."

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. उठून आत गेलात. मला दारातून तुमची पाठ दिसत होती. तुम्ही चुलीपुढे उभे राहिलात, झाकणाकडे बघत. ते उडत होतं. तुम्ही वाकून कान जवळ नेलात, इतका की वाफ लागली असेल. मग दुसरा कान नेलात. वहिनी भिंतीला लागून उभ्या होत्या.

तुम्ही बाहेर आलात. बसलात. कोपऱ्यात मागच्या बैठकीला राहिलेली माझी कापसाची पिशवी होती, तिच्याकडे बराच वेळ बघितलंत. तुमच्यासारख्या माणसाला दोन गोष्टी जोडायला किती वेळ लागणार?

"किती दिवस?" तुम्ही विचारलंत.

"वहिनी म्हणतात वर्षभर."

"वर्षाचं नाही विचारत. पिशव्या किती दिवस?"

मी सांगितलं. तुम्ही डिंकाच्या डबीचं झाकण लावलंत. "जा तू आता," म्हणालात. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तुमच्या घरावरून जायला नको म्हणून कामावर जाताना शेताच्या बांधाने लांबून जायचो. वाटलं, संपलं इथलं. ह्या परमुलखात एक ओटी होती, ती मी माझ्या तोंडाने घालवली. गावी पत्र लिहायला घेतलं की परत येतो. पुढे लिहिता आलं नाही, कारण परत का येतोस, हे काय लिहायचं? एका माणसाला किटली वाजतेय म्हणून सांगितलं, म्हणून?

मेळ्याच्या आदल्या दिवशी कारखाना सुटला तर फाटकापाशी बैलगाडी उभी. गाडीत बॅटरी, रेकॉर्डचं यंत्र, तुमचा सागाचा खोका, आणि खोक्यावर तुम्ही बसलेले. फाटकातले सगळे कामगार बघतायत. तुम्ही खाली उतरलात आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणालात, "चल. वरचं तू बघ. खालचं मी बघतो."

मला समजलं नाही. माझ्या खोलीवर येऊन तुम्ही दाखवलंत. रेकॉर्ड लावलीत आणि दोन्ही तळवे खोक्याच्या अंगावर ठेवलेत, वैद्य पोट बघतो तसे. "जाड आवाज अजून मला येतो. कानाला येतो, हातालाही येतो. इथे बघ, ही बाजू थरथरते. आवाज घुमतो तो इथून." तिथे आतून आडवी पट्टी मारायला लावलीत. थरथर थांबली. "आता तू सांग. सनई टोचते का?"

मी म्हणालो, "थोडी."

"थोडी म्हणजे काय? घाबरू नकोस. टोचते का?"

"फार टोचते, भाई."

"मग घाल कापूस."

मी मूठ-मूठ कापूस घालत गेलो, ऐकत गेलो, सांगत गेलो. तुम्ही एकदाही "घोंगडी" म्हणाला नाहीत. तुम्हाला ती ऐकू येत असणार. तुमच्या कानाला तो खोका दर मुठीगणिक मिटत चालला असणार. तरी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी पुरे म्हटलं तेव्हा पुरे झालं.

मेळ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण एक गोष्ट राहून जायला नको. खोका वाजून झाला तेव्हा ठाण्याचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "ह्याच्यात माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटतो. कोणाचा आहे?" नियमाप्रमाणे ज्याचा त्याने तोंड उघडायचं नाही. तुम्ही गप्प, आणि माझ्याकडे बोट केलंत. मीही गप्प, आणि तुमच्याकडे हात केला. शेवटी मागून जनार्दन ओरडला, "आरं, कोनतरी बोला, नायतर मी माजाच म्हनून सांगतू!"

तो हशा तुम्हाला ऐकू आला. हसू जाड असतं.

पुढे ते तसंच चाललं. बैठकीला प्रत्येक खोक्यापाशी आपण दोघं. तुम्ही तळवे लावून खालचं सांगायचात, मी वरचं. पिशव्या बंद झाल्या. चिमण्यांबद्दल तुम्ही मला एकदा विचारलंत, "आहेत का रे?" मी म्हटलं, "आहेत." तुम्ही वर पाहून मान हलवलीत, जशी काही ओळख पटली.

पण आपलं एक भांडण राहिलं. तुम्ही ते अधूनमधून उकरून काढायचात. "बोटीवर," म्हणायचात, "एकाला चुकीचं ऐकू आलं तर दुसऱ्याने त्याच क्षणी सांगायचं असतं. कप्तान असला तरी. तुम्ही तिघं पिशव्या घेऊन फिरलात. का?" मी म्हणायचो, "आदर होता, भाई." तुम्ही म्हणायचात, "आदर नाही, भीती." मी म्हणायचो, "दोन्ही असतं माणसाला." तुम्ही म्हणायचात, "दोन्ही नसतं, नामा. एक पुढे असतं, दुसरं त्याच्या मागे लपतं." मग वहिनी जेवायला हाक मारायच्या आणि विषय तिथेच राहायचा. तुमचं दुखणं वाढल्यावर मी ठरवलं होतं की एकदा शांतपणे सांगेन, तुमचंच बरोबर होतं. मग वाटलं, आत्ताच सांगितलं तर तुम्हाला वाटेल हा मला मरायला टेकलेला समजतोय. म्हणून नाही सांगितलं. बघा, पुन्हा तेच. पण मी अजूनही म्हणतो, दोन्ही असतं. आदर नसता तर एवढी भीती कोणाची वाटली असती?

आणि आभार. ते तर मी त्या पहिल्या रविवारी मानायला आलो होतो, फळीबद्दल. तुम्ही मला चुंबक धरायला लावलंत आणि ते राहून गेलं. तेव्हापासूनचं राहिलंय. माझी बायको-लेकरं आता इथे आली, खोलीला खिडकी पाडली, थोरला पोरगा वहिनींकडून मावरं, म्हणजे मासळी, साफ करायला शिकलाय आणि गावी गेला की आजीला त्याचं ज्ञान सांगून ओकारी आणतो. यातलं काय तुमच्यामुळे झालं हे नेमकं दाखवता येणार नाही. पण त्या ओटीवर मला कोणी नवखा म्हटलं नाही. बार्शीकर म्हटलं. त्यात फरक आहे.

तेरावं झालं आणि वहिनींनी निरोप पाठवला. "अष्टमीचा रईवार चुकवाचा नाय. ह्यांना बरा नाय वाटनार." म्हणून काल आम्ही बसलो. धोतर बांधलं, रेकॉर्ड लावली. तुमच्या खांबाला कोणी टेकलं नाही. एकेक खोका वाजला आणि प्रत्येक वेळी शेवटी आम्ही तिघंही तुमचा शब्द पडायची वाट बघायचो. सवय. मास्तर चष्मा पुसत राहिले.

मग मीच बोललो. माझ्या मानाने फार बोललो. म्हटलं, "जनार्दन, मास्तर, एक कबूल करा. उद्या माझे कान गेले, डोळे गेले, हात कापायला लागला, तर मला त्याच दिवशी सांगायचं. पिशव्या आणायच्या नाहीत."

मास्तर हो म्हणाले. जनार्दनने टॉवेल खांद्यावर टाकला.

"उद्याला कनाला? आताच सांगतू. वाईट वाटून घेऊ नको, बार्शीकर, पन तुजा खोका घुमतंय."

"कुठे?"

"खाली. रांजनात तोंड घालून बोलल्यासारका."

"तुझाच तर रांजण आहे!"

"माजा रांजन हाय, तरी घुमत नाय. तुजा लाकराचा हाय न् घुमतंय. मना तीन बैठकांपासून वाटतंय. पन भाई बिछान्यावर होते, म्हटलं बरं झाल्यावर तेच सांगतीन."

मला पटलं नाही. सनई तर स्वच्छ होती. मी मास्तरांना रेडिओ लावायला सांगितलं आणि धोतरामागे गेलो. बोलणाऱ्याचा जाड आवाज चालू होता. मी खोक्यापाशी बसलो आणि दोन्ही तळवे त्याच्या अंगावर ठेवले, तुम्ही ठेवायचात तसे. आधी काहीच कळेना. मग हात जरा खाली सरकवले, डाव्या बाजूला, आणि फळी तळव्याखाली थरथरली.

घुमत होता, भाई. किती तरी दिवस घुमत असणार. मला ऐकू आलं नव्हतं, कारण तिकडे मी कधी कान दिलाच नव्हता. ते तुमचं काम होतं.